लपण्याची विद्या आणि उष्णतेचा डोळा

युद्धाचा इतिहास लिहिणारे लोक शस्त्रांचा हिशेब फार काळजीपूर्वक ठेवतात. तरवार, बंदूक, तोफ, विमान या क्रमानें प्रकरणें पडतात आणि प्रत्येक प्रकरणांत मनुष्याची मारण्याची शक्ति किती वाढली हें सांगितलेलें असतें. परंतु मारण्याच्या आधीं शोधावें लागतें, आणि शोध चुकविण्याकरितां लपावें लागतें, या साध्या गोष्टीचा सलग इतिहास क्वचितच कोणी लिहितो. वस्तुतः शोधणारा डोळा आणि त्याच्यापुढें धरलेला पडदा यांची स्पर्धा तोफ आणि तट यांच्या स्पर्धेहूनहि जुनी आहे. या स्पर्धेंत गेल्या कांहीं दशकांत एक नवा डोळा उतरला आहे. तो उजेडाची वाट पाहत नाहीं, रंग ओळखत नाहीं. पदार्थाची ऊब तेवढी पाहतो. त्याच्यापासून रणगाडा किंवा लष्करी मोटार लपवावी कशी, हा आज सर्व मोठ्या सैन्यांपुढचा प्रश्न आहे. हा प्रश्न अरबी वाळवंटांतला किंवा युरोपांतल्या मैदानांतला आहे, आपला त्याच्याशीं संबंध काय, असें वाचकांस वाटण्याचा संभव आहे. म्हणून या विषयाचा आरंभ आपण आपल्याच एका रानापासून करूं.

गोंडपिपरीचा मुलूख डोळ्यांपुढें आणावा. दक्षिणेस वर्धा, पूर्वेस वैनगंगा; आणि या दोन्ही नद्या एकत्र होऊन प्राणहिता या नांवानें गोदावरीकडे जातात. वैनगंगा ओलांडली कीं आष्टी, आणि तेथून पुढें अहेरीचें अरण्य. साग, बांबू, मोह, तेंदू, ऐन यांची ही दाटी आज पुष्कळ विरळ झाली असली तरी तिचा पूर्वीचा दबदबा लोकांच्या बोलण्यांतून गेलेला नाहीं. चांद्याच्या गोंड राजांनीं आपल्या राजधानीभोंवतीं दगडी कोट बांधला हें खरें. परंतु या प्रदेशाचा खरा कोट अरण्य हाच होता. त्याला बुरूज नव्हते, दरवाजे नव्हते, आणि शत्रूला तो कोठें संपतो हेंच कळत नसे.

या कोटाची परीक्षा १८५८ सालीं झाली. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं त्या वर्षीं मार्च महिन्यांत गोंड व रोहिले यांची फौज जमवून राजगड परगणा ताब्यांत घेतला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनीं त्यांच्यावर सैन्य पाठविलें. नांदगांव-घोसरीजवळ लढाई झाली, पुढें सगणापूर आणि बामणपेठ येथें झाली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले होते. २९ एप्रिलच्या रात्रीं प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारखात्याच्या तळावर छापा पडला आणि दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. सरकारजवळ शिस्त, पैसा आणि दारूगोळा भरपूर होता. तरी अरण्यांत शिरलेला गोंड कोठें आहे हें पाहण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. दिवसा पानांचा पडदा होता आणि रात्रीं काळोखाचा. अखेर सरकारनें शोधाचा मार्गच बदलला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणून त्यांच्या माणसांकरवीं बाबूरावांना पकडविण्यांत आलें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांदा येथें त्यांना फांशी देण्यांत आली. रानानें ज्याला लपविलें त्याला माणसानें दाखवून दिलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण लेखाच्या शेवटीं तिच्याकडे पुन्हां वळावें लागणार आहे.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला सह्याद्रीनें हाच धडा दोनशें वर्षांपूर्वीं दिला होता. फेब्रुवारी १६६१ मध्यें कारतलबखान मोठी मोंगल फौज घेऊन लोणावळ्याकडून कोंकणांत उतरत असतां उंबरखिंडींतील दाट झाडींत शिवाजी महाराजांचें सैन्य त्याची वाट पाहत दबा धरून बसलें होतें. खान पूर्ण कोंडला गेला तेव्हां त्याला मावळे दिसले. तोंपर्यंत दिसत होती ती केवळ झाडी. लाल महालावरील छाप्यानंतर कात्रजच्या घाटांत बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पाठलागावरील फौजेची दिशाभूल केली, अशीहि एक कथा सांगतात. तिचा ऐतिहासिक आधार कसाहि असो, तशीच युक्ति इटलींत हॅनिबॉलनें ख्रिस्तपूर्व २१७ मध्यें केल्याचें प्राचीन इतिहासकारांनीं लिहून ठेवलें आहे. या दोन प्रसंगांत लपण्याच्या विद्येचीं दोन्ही अंगें आलीं. आपण जेथें आहों तेथें दिसूं नये हें एक अंग, आणि जेथें नाहीं तेथें दिसावें हें दुसरें.

तिसरें एक अंग महाभारतांत आहे. अज्ञातवासांत शिरतांना पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीच्या झाडावर ठेविलीं आणि त्यांच्याबरोबर एक प्रेत बांधलें. शस्त्रें अदृश्य झालीं नाहींत. परंतु पाहणाराच तिकडे पाहीनासा झाला. म्हणजे लपणें हें लपणाऱ्याच्या अंगावर जितकें अवलंबून असतें तितकेंच पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि मनावर अवलंबून असतें. निसर्गांत याचें उत्तम उदाहरण आपल्या ताडोब्याच्या रानांतच आहे. वाघाचा नारिंगी रंग आपल्याला भडक वाटतो आणि असा प्राणी शिकार साधतो कसा याचें नवल वाटतें. पण चितळाच्या व सांबराच्या डोळ्यांस तांबडा आणि हिरवा यांतील भेद कळत नाहीं. त्यांना तो नारिंगी वाघ गवताच्या रंगाचाच दिसतो. वाघ आपल्यापासून लपलेला नाहीं, चितळापासून लपलेला आहे. कोणताहि पडदा हा कोणत्या तरी एका डोळ्यापुरताच पडदा असतो, हा या विद्येचा पहिला सिद्धांत होय.

युरोपीय सैन्यांना हा सिद्धांत पटायला फार काळ लागला. तांबडे, निळे, सोनेरी गणवेश घालून दिमाखानें उभें राहणें हेंच त्यांच्याकडे शौर्य मानलें जाई. धुळीचा रंग अंगावर घेण्याची पद्धत हिंदुस्थानांतून सुरू झाली. १८४६ मध्यें पेशावर येथें हॅरी लम्सडेन यांनीं उभारलेल्या गाइड्स पथकानें मळकट रंगाचे कपडे वापरले, आणि खाक म्हणजे धूळ या फारसी शब्दावरून ‘खाकी’ हें नांव जगभर गेलें. पुढें पहिल्या महायुद्धांत विमानें वरून पाहूं लागलीं तेव्हां १९१५ मध्यें फ्रेंच सैन्यानें चित्रकारांचें एक स्वतंत्र पथकच स्थापन केलें. तोफा रंगविणें, जाळ्यांनीं झांकणें, खोटीं झाडें उभारणें हें त्यांचें काम. १९१६ च्या सप्टेंबरांत सोमच्या रणांगणावर रणगाडा प्रथम अवतरला आणि लपवावयाच्या वस्तूंमध्यें एका अवजड, गर्जना करणाऱ्या वाहनाची भर पडली.

वाहनें लपविण्याच्या कलेचा उत्कर्ष दुसऱ्या महायुद्धांत झाला. ऑक्टोबर १९४२ मध्यें एल् अलामीनच्या लढाईपूर्वीं ब्रिटिशांनीं लाकूड व कापड यांचे सांगाडे करून ते रणगाड्यांवर बसविले. वरून पाहणाऱ्याला रणगाडा साध्या मालमोटारीसारखा दिसे. उलट दक्षिणेकडे खोटे रणगाडे आणि पाण्याची खोटी नळवाट मांडून हल्ला तिकडूनच येणार असा भास निर्माण केला. प्राण्यांच्या रंगांवर १९४० मध्यें मोठा ग्रंथ लिहिणारे प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट हे त्या काळीं इजिप्तमध्यें सैनिकांना हीच विद्या शिकवीत होते. आपल्या देशांत याच जातीचा प्रसंग सप्टेंबर १९६५ मध्यें पंजाबांत खेमकरणजवळ असल उत्तर येथें घडला. उंच वाढलेल्या उसाच्या शेतांत भारतीय रणगाडे दडून बसले, आणि त्यांत डेक्कन हॉर्स या पथकाचे जुने शर्मन रणगाडेहि होते. त्यांच्या टप्प्यांत येऊन पाकिस्तानचे अधिक आधुनिक पॅटन रणगाडे मोठ्या संख्येनें नष्ट झाले. उसानें जें केलें तेंच तीनशें वर्षांपूर्वीं उंबरखिंडीच्या झाडींनें केलें होतें.

परंतु या उत्कर्षाच्या काळांतच एक अपशकुन झाला होता. तांबड्या रंगाच्या अगदीं पलीकडे असलेले आणि आपल्या डोळ्यांस न दिसणारे जे अवरक्त किरण, ते टिपणारी छायाचित्राची फिल्म दुसऱ्या महायुद्धांत वापरांत आली. जिवंत हिरवें पान हे किरण जोरानें परावर्तित करतें; हिरवा रंग दिलेलें कापड किंवा तोडून वाळत चाललेली फांदी तसें करीत नाहीं. डोळ्याला जें सारखेंच हिरवें, तें या फिल्मवर वेगळें उठून दिसूं लागलें. तोडलेल्या फांद्यांनीं मोटार झांकणाऱ्या सैनिकानें जणूं ‘येथें कांहीं तरी लपविलें आहे’ अशी पाटीच लावली.

खरा नवा डोळा याच्याहि पलीकडचा. १८०० सालीं विल्यम हर्शेल यांनीं लोलकांतून पडलेल्या रंगपट्टींत तापमापक ठेवला असतां तांबड्याच्या पुढें, जेथें कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा अधिक चढला. अदृश्य उष्णकिरणांचा हा शोध. प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार असे किरण सतत बाहेर टाकीत असतो. माणूस, झाड, दगड, मोटार यांच्या सामान्य तापमानाला या किरणांची लहर सुमारें १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी असते. आणि सुदैवानें किंवा दुर्दैवानें ८ ते १४ मायक्रॉनच्या लहरी हवेंतून फारशा अडथळ्याशिवाय जातात. या लहरींपासून चित्र तयार करणारें यंत्र म्हणजे थर्मल कॅमेरा. त्याला दिवा लागत नाहीं, चंद्र लागत नाहीं. अमावास्येच्या रात्रीं तो पाहतो तें चित्र प्रकाशाचें नसतें, उबेचें असतें.

त्याचा पराक्रम जगानें १९९१ च्या आखाती युद्धांत पाहिला. इराकी सैन्यानें आपले रणगाडे वाळूंत पुरून वर जाळ्या पसरल्या होत्या. डोळ्यापासून लपण्याच्या दृष्टीनें ही व्यवस्था वाईट नव्हती. पण सूर्य मावळल्यावर वाळू लौकर निवते आणि लोखंड सावकाश निवतें. संध्याकाळीं वरून उडणाऱ्या अमेरिकन विमानांच्या यंत्रांत पुरलेले रणगाडे थंड होणाऱ्या वाळूवर उष्ण ठिपक्यांसारखे दिसले आणि एकेक करून फोडले गेले. २६ फेब्रुवारीस वाळूच्या वादळांत जमिनीवर लढाई झाली, तेव्हांहि अमेरिकन रणगाड्यांना समोरचे इराकी रणगाडे दिसत होते आणि इराक्यांना मात्र वादळच दिसत होतें. हजारों वर्षें लपणाऱ्याचा मित्र असलेला अंधार त्या युद्धांत एका पक्षाला सोडून गेला.

मग वाहनाची ऊब लपवावी कशी? येथें भौतिकशास्त्राची थोडी ओळख अवश्य आहे. थर्मल कॅमेऱ्याला वस्तु किती उष्ण दिसेल हें दोन गोष्टींवर ठरतें: एक तिचें तापमान, आणि दुसरी तिच्या पृष्ठभागाची किरण टाकण्याची शक्ति, जिला उत्सर्जकता म्हणतात. घांसून लखलखीत केलेल्या पितळी तांब्यांत ऊन पाणी भरलें तर कॅमेऱ्याला तो तांब्या जवळजवळ थंड दिसतो, कारण तो स्वतःचे किरण फार थोडे टाकतो आणि भोंवतालचेच परत फेकतो. तेंच पाणी काजळी धरलेल्या भांड्यांत असेल तर तें तेजस्वी दिसतें. तेव्हां वाहन लपविण्याचे मार्ग दोन. इंजिनाभोंवतीं उष्णतारोधक थर देणें, धुराड्यांतून निघणाऱ्या तप्त वायूंत थंड हवा मिसळून तो मागें किंवा खालीं सोडणें, हा पहिला. आणि कमी उत्सर्जकतेचा रंग किंवा अनेक पदरी जाळी वापरून उरलेली ऊब न दाखविणें, हा दुसरा. आपल्या देशांत जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेंत या विद्येवर काम चालतें.

हें ऐकतांना सोपें वाटतें, पण प्रत्येक उपायाच्या पोटांत एक अपाय आहे. चकचकीत पृष्ठभाग आकाशाचें प्रतिबिंब धरतो, आणि निरभ्र आकाश या कॅमेऱ्याला अतिशय थंड दिसतें. म्हणून तसा रंग दिलेली मोटार तापलेल्या जमिनीवर काळ्या डागासारखी दिसते. फार थंड दिसणें हेंहि पकडलें जाणेंच आहे. साध्या धुरानें डोळा फसतो, पण या लांब लहरी धुरांतून पुष्कळशा पार होतात. त्यांना अडविण्यासाठीं धातूच्या सूक्ष्म चकत्या मिसळलेला विशेष धूर लागतो. वाहन थंड केलें तरी त्याचीं चाकें घर्षणानें तापतात, तोफेची नळी एका बारानें तापते, आणि वाहन निघून गेल्यावरहि त्याच्या खालची जमीन कांहीं वेळ त्याची साक्ष देत राहते. स्वीडनमध्यें बनविलेली आणि २०११ मध्यें जगापुढें मांडलेली एक योजना याहून पुढें गेली. वाहनाला षट्कोनी फरशा लावून त्या प्रत्येकीचें तापमान विजेनें क्षणांत कमी-अधिक करावयाचें, म्हणजे कॅमेऱ्याला रणगाड्याच्या जागीं मागची झाडी दिसेल, किंवा एखादी साधी प्रवासी मोटार! एल् अलामीनचा कापडी सांगाडा हा येथें उबेचा झाला. २०२२ पासूनच्या युक्रेनयुद्धांत लाकडाचे आणि रबराचे खोटे रणगाडे मांडून त्यांत ऊब ठेवण्यापर्यंत मजल गेली. कात्रजच्या पलित्यांची ही नवी आवृत्ति. साधनें बदललीं, अंगें तींच राहिलीं.

आणि सर्वांत स्वस्त उपाय अजूनहि निसर्गच देतो. दिवसांतून दोन वेळां, पहांटेनंतर आणि तिन्हीसांजेच्या सुमारास, तापणाऱ्या आणि निवणाऱ्या वस्तूंचीं तापमानें कांहीं काळ एकमेकांशीं जुळतात. त्या अवधींत कॅमेऱ्याचें चित्र फिकें पडतें. पावसानेंहि सर्वांवर एकच थंड हात फिरतो. शिवाय हा डोळा पान भेदून पाहूं शकत नाहीं. पानांआड जें आहे तें त्यालाहि पानांआडच असतें. म्हणून चांद्याच्या रानांत श्रावणांत पूर्वींचा आसरा बराचसा शिल्लक असतो. पण सागाची पानगळ झाल्यावर फाल्गुन-चैत्रांत तेंच रान उघडें पडतें. भर दुपारीं, पारा ४५ अंशांच्या वर गेला असतां, खडक माणसाहून आणि वाघाहून अधिक तापलेला असतो, आणि कॅमेरा गोंधळतो. रात्र पडून खडक निवले, कीं प्रत्येक जिवंत देह पणतीसारखा उजळून दिसतो.

या रानाचा अलीकडचा इतिहास वाहनांच्या दृष्टीनेंहि बोधप्रद आहे. १९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ गडचिरोलीच्या अरण्यांत आली आणि पुढील चार दशकें तेथें रक्त सांडत राहिलें. त्या लढ्यांत पोलिसांच्या मोटारीला रंगानें किंवा जाळीनें लपवून उपयोग नव्हता. रानांत जाणारा रस्ता एकच असला कीं तिला शोधावें लागतच नाहीं. ती कोठून जाणार हें आधींच ठाऊक असतें. १ मे २०१९ रोजीं कुरखेड्याजवळ जांभूळखेडा येथें रस्त्यांत पेरलेल्या सुरुंगानें पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक यांचा बळी घेतला. असल्या अनुभवांनीं जो धडा शिकविला तो असा कीं वाहन सोडून पायीं चालणें हेंच वाहनाचें उत्तम आवरण. १९९० मध्यें स्थापन झालेल्या सी-६० पथकाचें बळ याच चालण्यांत होतें, आणि त्यांतील पुष्कळ जवान याच रानांतले होते. आकाशांतून पाहणारे ड्रोन पुढें त्यांच्या मदतीस आले. ऑक्टोबर २०२५ मध्यें माओवादी पक्षाचे एक प्रमुख नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनीं साठ साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेविलीं, तेव्हां त्या प्रदीर्घ प्रकरणाचा बराचसा भाग संपला.

प्रकरण संपलें तरी डोळा राहिला आहे, आणि तो केवळ सैनिकांच्या हातांत नाहीं. २०१८ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या वाघिणीचा शोध चालला असतां असे ड्रोन आणले गेले होते. वणवा हुडकण्यास, हरवलेल्या माणसाला शोधण्यास, गांवाजवळ आलेल्या वाघाची आगाऊ सूचना देण्यास हा डोळा उपयोगी आहे. त्याची निंदा करण्याचें कारण नाहीं. परंतु त्याची मर्यादा स्पष्टपणें ओळखली पाहिजे. चैत्रांत मोहाचीं फुलें रात्रीं-पहांटे गळतात आणि तीं वेंचण्यासाठीं बायका-मुलें टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वींच रानांत शिरतात. झाडाखालचा पाचोळा जाळण्यासाठीं कोणी विस्तवहि पेटवितो. या वेळीं आकाशांतून पाहणाऱ्या यंत्राला काय दिसतें? कांहीं उबदार आकृति, त्यांची हालचाल, एक पेटलेला ठिपका. पंचवीस माणसांची टोळी आणि पंचवीस माणसांचा मोहफुलें वेंचणारा मेळा यांतील भेद उबेंत नाहीं. रणगाडा आपली ऊब लपविण्यासाठीं फरशा लावूं शकतो. मोह वेंचणाऱ्या बाईला लपण्याचें कारण नाहीं आणि साधनहि नाहीं. वाहनें अधिकाधिक चतुराईनें अदृश्य होत जातील, आणि दिसत राहतील तीं निःशस्त्र माणसें, असा हा उलटा न्याय आहे.

येथें १८५८ च्या गोष्टीकडे पुन्हां वळूं. बाबूराव कोण हें अहेरीच्या माणसांना ठाऊक होतें. म्हणूनच ते त्यांना पकडूं शकले. त्या ओळखीचा उपयोग द्रोहासाठीं झाला हें खरें, पण ती ओळख होती. आजचें यंत्र ‘कोठें’ या प्रश्नाचें उत्तर आश्चर्यकारक अचूकपणें देतें आणि ‘कोण’ या प्रश्नावर मूक राहतें. पहिलें उत्तर इतकें स्पष्ट असतें कीं दुसरा प्रश्न विचारावयाचाच राहून जाण्याचा धोका आहे. जुन्या काळीं अरण्याच्या पडद्यामुळें शिकाऱ्याला थांबावें लागे, जवळ जावें लागे, चेहरा पाहावा लागे. त्या विलंबांत पुष्कळ निरपराध जीव वांचत. पडदा गेल्यावर तो विलंब आपण होऊन, नियमानें पाळावा लागेल. रानाची भाषा जाणणारा आणि कोणत्या महिन्यांत कोण कशासाठीं रानांत जातें हें ठाऊक असलेला माणूस त्या पडद्याशेजारीं बसलेला असल्यावांचून केवळ उबेच्या चित्रावरून कोणावर हत्यार चालूं नये, हा नियम सैन्याच्या आणि पोलिसांच्या शिक्षणांत यंत्राच्या माहितीइतकाच ठळक असला पाहिजे.

गोंडपिपरीच्या रानांत पुढल्या चैत्रांतहि मोह गळेल आणि लोक अंधारांतच घराबाहेर पडतील. आजपर्यंत त्यांना भय वाघाचें आणि अस्वलाचें असे. वरून पाहणाऱ्या डोळ्याचें भय त्यांत मिळूं न देणें हें ज्यांच्या हातीं तो डोळा आहे त्यांचें काम आहे.